मेलेल्यांनी उठायचं नाही

लग्न होऊन मी मुलुंडला राहायला आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी समोरच्या बिऱ्हाडातल्या परुळेकरांनी मला जिन्यात गाठलं. डोळे किलकिले करून वरपासून खालपर्यंत नीट बघितलं, मनातल्या मनात कसलंसं माप घेतलं आणि म्हणाले, "तुम्ही मध्यंतरानंतर. काळजी करू नका."

एवढं बोलून ते दुधाची पिशवी सांभाळत वर निघून गेले. संध्याकाळी मी नवऱ्याला विचारलं, हे गृहस्थ बरे आहेत ना? तो हसून हसून लोळायचा बाकी राहिला. म्हणाला, "अगं, म्हणजे तू उशिरा मरणार. नशीबवान आहेस. मला त्यांनी दहाव्या मिनिटाला उडवलंय."

परुळेकर विक्रोळीच्या एका कारखान्यात ट्रेसर होते. साहेब लोक पेन्सिलीने यंत्राचं किंवा कपाटाचं ड्रॉइंग काढायचे. त्यावर पारदर्शक कागद अंथरून तेच शाईने सुबक गिरवायचं, हे परुळेकरांचं काम. प्रत्येक ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते. तिच्यात चार रकाने: रचना, ट्रेसिंग, तपासणी, मंजुरी. बावीस वर्षं परुळेकरांची सही दुसऱ्या रकान्यात होती. पहिला रकाना त्यांनी हजारो वेळा दुसऱ्याच्या नावाने भरला होता, तोही सुंदर अक्षरात.

एकदा एका कपाटाच्या ड्रॉइंगमध्ये बिजागऱ्या चुकीच्या बाजूला आहेत हे त्यांच्या लक्षात आलं. ते उठून मुख्य ड्राफ्ट्समन कर्णिकसाहेबांकडे गेले. साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "परुळेकर, विचार करू नका. ट्रेस करा." परुळेकरांनी ट्रेस केलं. मग नमुन्याचं कपाट तयार झालं आणि त्याचं दार भिंतीकडे उघडायला लागलं. ही गोष्ट आम्हाला सांगताना त्यांच्या आवाजात साहेबांवरचा राग असा नसायचाच. त्यांचं दुःख वेगळं होतं. "त्या कपाटात," ते म्हणायचे, "खुनी लपूच शकला नसता."

आता हे खुनी प्रकरण. परुळेकरांचा मेहुणा घाटकोपरला राहायचा. तो आखातातून येताना व्हीसीआर घेऊन आला आणि त्या दिवसापासून परुळेकरांचा प्रत्येक रविवार घाटकोपरला जाऊ लागला. मेहुण्याकडे कॅसेटी यायच्या त्या एकाच जातीच्या. त्या परमुलखात कुठलातरी सण असतो, सुट्टी असते, तरणीताठी मंडळी एका घरात जमतात आणि मुखवटा घातलेला एक माणूस त्यांना एकेक करून मारतो. मेहुण्याला यातलं रक्त आवडायचं. परुळेकर मात्र मांडीवर आलेखाचा कागद घेऊन बसायचे. आडव्या रेघेवर मिनिटं, उभ्या रेघेवर जिवंत माणसं. कुणी मेलं की रेघ एक पायरी खाली. सिनेमा संपेपर्यंत कागदावर एक जिना तयार व्हायचा. सण कुठलाही असो, घर कुठलंही असो, जिना तोच.

त्यांचं इंग्रजी ड्रॉइंगपुरतं होतं, त्यामुळे सिनेमातलं एक वाक्य त्यांना कळायचं नाही. हीच आपली मोठी सोय झाली असं ते मानायचे. "बोलणं कळलं असतं तर गोष्टीत गुंतलो असतो," ते मला म्हणाले होते. "कळलं नाही म्हणून सांगाडा दिसला."

या सांगाड्याचे काही कायदे होते आणि ते आमच्या सगळ्या बिल्डिंगला पाठ होते, कारण परुळेकर ते जगत होते. जुन्या सणाला कुणावर तरी अन्याय झालेला असतो, सगळे विसरतात, एक जण विसरत नाही. पहिली भीती नेहमी खोटी, ती मांजराची. खुनी एकदा पडला की पुन्हा उठणार, पण उठायचा मान त्याचा एकट्याचा, मेलेल्यांनी उठायचं नाही. आणि सगळ्यात शेवटी उरते ती एक बाई, जिला सुरुवातीला कुणी मोजलेलंही नसतं.

सगळ्यात कडक कायदा होता तो "मी बघून येतो" या वाक्याचा. हे वाक्य जो बोलला तो संपला. त्यामुळे बिल्डिंगमध्ये दिवे गेले आणि कुणी फ्यूज बघायला निघाला की परुळेकर दार उघडून त्याला अडवायचे, सगळ्या मजल्यांची हजेरी घ्यायचे आणि मग तिघातिघांची तुकडी खाली पाठवायचे. एकदा गच्चीवरच्या टाकीचा बोळा बदलायला प्लंबर आला, तर त्याच्यासोबत परुळेकर, माझा नवरा आणि सोसायटीचे सेक्रेटरी दामले असे तिघे वर गेले. प्लंबरला वाटलं आपल्यावर चोरीचा आळ आहे. तो रागावून तसाच निघून गेला आणि आम्ही दोन दिवस बादल्या वाहिल्या.

या सगळ्यात सुलभावहिनी कुठे होत्या, असं तुम्ही विचाराल. त्यांच्याबद्दल कुणी विचारायचंच नाही, अशा त्या होत्या. परुळेकरांच्या बायको, मालवणकडच्या, बारीक आवाजाच्या. रविवारी त्याही घाटकोपरला जायच्या, पण टीव्हीकडे पाठ करून वाल सोलत बसायच्या. रक्त बघवत नाही म्हणायच्या. मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. सिनेमात कुणीतरी जीव तोडून ओरडलं, परुळेकरांनी घाईने एक पायरी उतरवली, आणि वहिनी मान न वळवता म्हणाल्या, "ती नाय मेली हां. श्वास ऐकू येता." दहा मिनिटांनी ती मुलगी खरंच रांगत बाहेर आली. परुळेकरांनी निमूटपणे पायरी खोडली. वहिनींनी पुढचा वाल उचलला.

दरवर्षी सव्वीस जानेवारीला आमच्या सोसायटीत सार्वजनिक सत्यनारायण असायचा. सकाळी झेंडा, मग पूजा, दुपारी हळदीकुंकू आणि संध्याकाळी रहिवाशांचं नाटक. त्या वर्षी सभेत परुळेकर उभे राहिले आणि नाटक मी लिहिणार, असं त्यांनी जाहीर केलं. नाटकाचा विषय धुळवड. त्यांचं म्हणणं असं की परदेशी लोकांना खुन्यासाठी मुखवटा विकत आणावा लागतो, आपल्याकडे धुळवडीला अख्खी बिल्डिंगच तोंड रंगवून फिरते. खुनी चारचौघांत उभा आहे आणि कुणाला ओळखू येत नाही.  दामले म्हणाले, "आयडिया झकास आहे हो." मला अजूनही वाटतं की ती होतीच.

पुढचे दोन महिने परुळेकरांनी नाटक लिहिलं नाही, ते काढलं. हातभर लांबीच्या ट्रेसिंग पेपरवर त्यांनी जिना आखला, प्रत्येक पायरीवर मरणाऱ्याचं नाव, मिनिट आणि रंगमंचावरची जागा. संवाद नंतर सुचतील तसे बाजूला आले. मी सरकारी कचेरीत मराठी टायपिस्ट, म्हणून प्रती काढायचं काम माझ्याकडे आलं आणि त्यातूनच प्रॉम्प्टरचंही. कागदाच्या उजव्या कोपऱ्यात त्यांनी चौकट आखली होती. पहिल्या रकान्यात, रचना, शं. परुळेकर. ते नाव लिहिताना त्यांना तीन वेळा पेन धुवावं लागलं, असं वहिनींनी मला सांगितलं. तपासणीत त्यांनी माझी सही घेतली. मंजुरीचा रकाना रिकामा होता. त्या नाटकाला कर्णिकसाहेब येणार होते, सहकुटुंब. परुळेकर स्वतः घरी जाऊन आमंत्रण देऊन आले होते. ते मला म्हणाले, "वहिनी, एकदाच. पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्या रेघेवर उभं राहिलेलं काहीतरी त्या माणसाने बघावं, बस." ते इतकं साधेपणाने म्हणाले की माझी थट्टा करायची हिंमत झाली नाही.

तालमी सुरू झाल्या आणि वाट लागली. कारण मरायला कुणी तयार होईना. ज्याला त्याला शेवटपर्यंत जगायचं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या एकाचे सासरे येणार होते, त्याला निम्म्या नाटकाआधीच मरणं कमीपणाचं वाटत होतं. पण खरी अडचण आणली ती दामलेकाकूंनी. काकू पहिल्या पायरीवर होत्या, मिनिट आठ, जागा तुळशीवृंदावनाशेजारी. त्यांनी कमरेवर हात ठेवून सांगितलं की पूजेच्या दिवशी सवाष्ण मारणार असाल तर मी नाटकात नाही, आणि मी नाही तर माझी सतरंजी आणि पडदेही नाहीत. बाकीच्या बायकाही त्यांच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. परुळेकरांच्या जिन्याच्या अर्ध्या पायऱ्या एका मिनिटात गेल्या.

तीन दिवस वाटाघाटी चालल्या. शेवटी काकूंनीच तोड काढली. पूजेच्या कथेत प्रसाद न घेता जो जातो त्याचं वाईट होतं, मग प्रसाद घेऊन मेलं तर काही बाधणार नाही. तेव्हा विंगेत शिऱ्याचं पातेलं ठेवायचं, ज्याचं मरण जवळ आलंय त्याने आत येऊन प्रसाद खायचा आणि मग बाहेर जाऊन मरायचं. गुरुजींनाही विचारलं. ते घाईत होते, हरकत नाही म्हणाले. परुळेकरांनी ड्रॉइंगवर प्रत्येक मरणाच्या अलीकडे दीड मिनिटावर एक छोटं वर्तुळ काढलं आणि खाली टीप लिहिली: शिरा.

शेवटी उरणारी बाई कोण, हा प्रश्न सोपा होता. सुलभावहिनींना कुणी मोजलेलं नव्हतंच. त्यांना मरायचं नसल्याने त्यांच्या नावापुढे वर्तुळ नव्हतं. एका तालमीत त्यांनी हळूच सुचवलं की मेलेलं एखादं माणूस उठलं तर लोक जास्त घाबरतील. परुळेकरांनी हातातली पट्टी टेबलावर आपटली. मेलेल्यांनी उठायचं नाही, हा कायदा आहे. वहिनी बरं म्हणाल्या.

खुन्याच्या कामाला बँकेतले खानविलकर होते, कारण देह. स्वभावाने इतका भिडस्त माणूस की सुरी मारण्याआधी "सॉरी हां" म्हणायचा, ते वाक्य काढायला दोन आठवडे गेले. चष्म्याशिवाय त्यांना हाताची बोटं मोजता यायची नाहीत. पण तोंडाला चंदेरी रंग लावायचा म्हणजे चष्मा काढणं आलं. परुळेकरांनी त्याचाही विचार केला होता. पिवळी साडी दिसली की मारायचं नाही, एवढं खानविलकरांनी लक्षात ठेवायचं. पिवळी साडी म्हणजे सुलभावहिनी.

एक गोष्ट मात्र कुणाच्याच ध्यानात आली नाही. रंग महाग म्हणून आम्ही सगळ्या तालमी रंगाशिवाय केल्या होत्या. "रंग समजा," असं परुळेकर म्हणायचे आणि आम्ही समजायचो.

नाटकाच्या संध्याकाळी साडेसहाला पडदा उघडला. पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर कर्णिकसाहेब, शेजारी त्यांची मंडळी. विंगेत मी, माझ्या हातात टाइप केलेली प्रत, शेजारी परुळेकर ड्रॉइंग घेऊन, पायाशी शिऱ्याचं पातेलं. पहिला प्रवेश धुळवडीचा. सोसायटीतल्या पोरांना रंग खेळा एवढंच सांगितलेलं होतं आणि हातात पहिल्यांदाच खरा रंग आला होता. ती पोरं जी सुटली! पाचव्या मिनिटाला रंगमंचावर माणसं, साड्या, तुळशीवृंदावन सगळ्याचा एकच रंग झाला होता, आणि तो आम्ही आणलेल्या कुठल्याच पुडीत नव्हता. पिवळी साडी शोधूनही सापडेना.

साडेसहाव्या मिनिटाला दामलेकाकू ठरल्याप्रमाणे प्रसादाला आत आल्या. शिरा गरम होता, काजू वर आलेले होते. काकू पाटावर बसल्या आणि स्वस्थपणे खाऊ लागल्या. मी खुणा केल्या. त्या म्हणाल्या, "मरायचं तर आहेच ना, मग घाई कशाला?" तिकडे तुळशीजवळची जागा रिकामी राहिली. सुलभावहिनींना रिकामी जागा बघवत नाही, हा त्यांचा जन्माचा स्वभाव. त्या सरकून तिथे उभ्या राहिल्या, आणि आठव्या मिनिटाला चंदेरी तोंडाचे खानविलकर मागून आले. त्यांनी जागा ओळखली, माणूस ओळखायचा प्रयत्नही केला नाही, थर्मोकोलची सुरी उचलली आणि नाटकाच्या शेवटी उरणारी बाई सुरुवातीलाच मारली.

वहिनी पडल्या. कायद्याप्रमाणे हलल्या नाहीत.

 मी परुळेकरांना विचारलं, पडदा पाडू का? त्यांनी नको अशी मान हलवली. समोर कर्णिकसाहेब पाय पसरून बसले होते. पुढची चाळीस मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. ज्याला त्याला आपापलं मरण पाठ होतं. आत यायचे, शिरा खायचे, बाहेर जाऊन मरायचे. जिना बरोबर उतरत होता, फक्त तळाशी कुणी नव्हतं. म्हणजे एक होत्या. दामलेकाकू शिरा संपवून बाहेर गेल्या तेव्हा त्यांचं मरण उरकलेलं होतं. त्या बिचाऱ्या सगळ्या नाटकभर इकडून तिकडे फिरत राहिल्या आणि एकेका मुडद्याच्या अंगावरचे कपडे नीट करत राहिल्या.

अखेर रंगमंचावर नऊ मुडदे, खानविलकर आणि काकू. आता शेवटी उरलेल्या बाईने चार वाक्यं बोलून खुन्याच्या अंगावर बादली ओतायची, त्याचा रंग धुतला जाऊन तो आपला रोजचा पाण्याचा पंप चालू करणारा माणूस निघायचा, असा शेवट होता. मी ती चार वाक्यं काकूंना ओरडून सांगत होते, पण लोक हसायला लागले होते आणि काकूंना काही ऐकू जात नव्हतं. गोंधळलेल्या खानविलकरांनी सुरी उचलली. काकू ठामपणे म्हणाल्या, "माझी वेळ होऊन गेली. आता मी मरणार नाही." प्रेक्षकांत टाळ्या पडल्या. कर्णिकसाहेब मंडळींच्या कानाशी वाकून काहीतरी बोलले आणि दोघंही हसली.

परुळेकरांनी ते बघितलं. त्यांनी ड्रॉइंगची गुंडाळी केली, रबर लावलं आणि ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्या क्षणी मला खरोखर रडू आलं.

आणि तुळशीपाशी पडलेलं प्रेत उठलं.

आधी नुसता हात उठला. मग जांभळट काळं तोंड, त्यात पांढरे डोळे. सुलभावहिनी सावकाश उभ्या राहिल्या. त्या वहिनीच हे मला कळत होतं, तरी माझ्या हातातली प्रत शिऱ्यात पडली. मांडवात अशी किंचाळी उठली की स्टेशनकडच्या रिक्षावाल्यांनीही ऐकली म्हणतात. खानविलकर चष्म्याशिवायही पळायला लागले. कर्णिकसाहेबांची खुर्ची मागे कलंडली आणि साहेब पाय वर करून मागच्या रांगेतल्या लोकांच्या मांडीवर गेले. वहिनींनी खानविलकरांना कॉलरला धरून थांबवलं, चारही वाक्यं एक अक्षर न गाळता म्हटली आणि बादली ओतली.

टाळ्या थांबेनात. साहेबांना उभं करून आत आणलं तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. ते परुळेकरांचा हात धरून म्हणाले, "काय शेवट केलात हो! पहिलीच मेली म्हणून आम्ही तिला विसरूनच गेलो. ही कल्पना तुमची?"

बावीस वर्षांत साहेबांनी परुळेकरांकडे मान वर करून बघितलं ते तेव्हा.  "होय साहेब," परुळेकर म्हणाले, "माझीच."

वहिनी दोन पावलांवर पदराने तोंड पुसत होत्या.  साहेब गेल्यावर परुळेकरांनी त्यांना विचारलं, आवाज अगदी बारीक झाला होता, "गो, तू उठलंस कशी? कायदो ठावक हुतो मां?"

वहिनींनी पातेल्याकडे बोट दाखवलं. "माका शिरो खंय गावलो हुतो? मगे मी मरतलंय कशी?"

दामलेकाकूंनी लगेच निकाल दिला की बरोबर आहे, प्रसादाशिवाय मरण लागूच होत नाही. परुळेकर पातेल्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तळाचा उरलेला शिरा खरवडून बशीत घेतला आणि वहिनींच्या हातात दिला.

तीन वर्षांनी परुळेकर निवृत्त झाले आणि दोघं कायमची गावी निघाली. सकाळी टेम्पो भरला, आम्ही सगळे फाटकाशी उभे होतो. वहिनी पुढच्या सीटवर बसल्या होत्या. तेवढ्यात परुळेकर कपाळाला हात लावून म्हणाले, दाराच्या मागे ड्रॉइंग राहिलं. "थांबा, मी बघून येतो."

आम्ही सगळ्यांनी एकदम त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्याही लक्षात आलं आणि त्यांचा पाय तिथेच थबकला. वहिनी टेम्पोतून उतरल्या आणि त्यांच्याबरोबर जिना चढून गेल्या.

खाली आल्यावर वहिनींनी गुंडाळी माझ्याकडे धरायला दिली आणि त्या पुन्हा टेम्पोत चढून बसू लागल्या. माझी प्रॉम्प्टरची खोड, मी ती उलगडली. तीन वर्षं ते ड्रॉइंग त्यांच्या दारामागे टांगलेलं होतं, आम्ही सगळ्यांनी शंभरदा बघितलेलं होतं, पण कोपऱ्यातली चौकट कुणी वाचायला गेलं नव्हतं. पहिल्या रकान्यातलं नाव ब्लेडने खरवडलेलं होतं. कागद तिथे इतका पातळ झाला होता की माझं बोट पलीकडून दिसत होतं. त्यावर त्यांच्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं, रचना: सौ. सुलभा परुळेकर. ट्रेसिंग: शं. परुळेकर. तारीख नाटकाच्या दुसऱ्या दिवसाची. तपासणीत माझी सही होतीच. आणि मंजुरीच्या रकान्यात, त्याच्याही दुसऱ्या दिवसाची तारीख घालून, कर्णिकसाहेबांची सही होती.

म्हणजे हा माणूस ते ड्रॉइंग घेऊन ऑफिसात गेला होता आणि साहेबांच्या टेबलासमोर उभं राहून त्याने खरं सांगितलं होतं. आमच्यापैकी कुणाला त्याने कधी कळू दिलं नाही.

मी गुंडाळी करून परत दिली. टेम्पो सुरू झाला. फाटकातून वळताना परुळेकरांनी मान बाहेर काढली आणि बोट नाचवत आम्हा सगळ्यांना एकेक करून मोजलं. हजेरी पूर्ण भरली असावी, कारण त्यांनी समाधानाने मान आत घेतली.